मी न पाहिलेलं प्रभामंडळ

माझं नाव झुंबर. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं सवड मिळणार नाही. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा. आजीनं हौसेनं हे नाव ठेवलं आणि शाळेत रोज हजेरीला पोरं खिदळायला लागली. तेव्हापासून मला चिडायची सवय लागली, ती लागलीच. पुढं मी पंचवटीतल्या एका शाळेत चित्रकलेची बाई झाले, तरी ती काही गेली नाही. मी चिडकी आहे, भांडखोर आहे, सगळं कबूल. पण आता जे सांगणार आहे त्यात रागाच्या भरात एक शब्दही वाढवलेला नाही. झालं तेवढंच पुष्कळ आहे.

नाशकात तेव्हा आमचं एक आकाशमंडळ होतं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या यादव सरांनी ते काढलेलं. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर आम्ही दहा-पंधरा जण जमायचो. दुर्बीण होती, चहा होता, आणि भांडणं तर विचारूच नका. ग्रहणात जेवू नये, पाणी पिऊ नये, पोटुशी बाईनं बाहेर पडू नये, असल्या समजुतींवर मंडळाची माणसं शाळाशाळांतून बोलायला जायची. त्यात सगळ्यांत फर्डा प्रफुल्ल. सरकारी कचेरीत कारकून, पण माइक हातात आला की निराळाच माणूस. एकदा ग्रहणाच्या वेळी रामकुंडावर लोक मंत्र म्हणत पाण्यात उभे, आणि हा पठ्ठ्या काठावर सगळ्यांसमोर वडापाव खातोय. एका म्हाताऱ्यानं शिव्या घातल्या तर त्यालाही अर्धा देऊ केला. खरं सांगते, मी त्या वडापाववर भाळले. वर्षाच्या आत लग्न झालं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायची आणि गच्चीवर अरे.

मंडळात माझं काम सूर्याचं. दुर्बिणीतून सूर्याकडं थेट बघायचं नसतं, डोळा कायमचा जातो. दुर्बिणीच्या मागं पांढरा कागद धरला की त्यावर सूर्याचं बशीएवढं बिंब पडतं आणि त्यावरचे काळे डाग दिसतात. ते डाग मी रोज शाळेला जायच्या आधी पेन्सिलीनं काढायची. नुसते ठिपके नव्हेत हो. त्या डागांवर चुंबकीय कमानी उभ्या असतात, त्यांत तापलेला वायू अडकलेला असतो, आणि एखादी कमान पिळून पिळून तुटली की तो सगळा वायू उसळून बाहेर फेकला जातो. जाताना सूर्याभोवतीचं बाहेरचं वातावरण फाडत जातो. त्या वातावरणाला म्हणतात प्रभामंडळ. मोतिया पांढरं, सूर्याच्या कितीतरी बाहेरपर्यंत पसरलेलं, पण सूर्याच्या झगमगाटात कधी न दिसणारं. उद्रेक झाला की त्यात काळी पोकळी पडते, शेजारचे प्रकाशाचे झोत रेटले जाऊन वाकतात, आणि मग काही तासांत ती जागा हळूहळू भरून येते. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पाहिलेलं मात्र काहीच नव्हतं, कारण ते साध्या डोळ्यांना फक्त खग्रास ग्रहणातच दिसतं, आणि खग्रास ग्रहण आपल्या दारात येत नाही.

पंचाण्णव सालच्या ऑक्टोबरात ते येणार होतं. नाशकात नव्हे, तिकडं राजस्थान, आग्रा असं करत बंगालपर्यंत. मंडळानं ठरवलं, फत्तेपूर सिक्रीच्या बाजूला जायचं आणि प्रभामंडळ हातानं काढायचं. लोक म्हणाले, फोटो का नाही काढत? अहो, फोटोत आतला उजेड आला तर बाहेरचे फिकट झोत येत नाहीत, आणि झोत आले तर आतला भाग पांढराफटक होतो. माणसाच्या डोळ्याला दोन्ही एकदम दिसतं. म्हणून जुन्या काळचे निरीक्षक करायचे तसं करायचं ठरलं. प्रभामंडळाचे चार भाग, चार चित्रकार, एकेकानं एकच भाग काढायचा. त्या ग्रहणात सूर्य पुरता झाकलेला राहणार होता मिनिटभरसुद्धा नाही, तेवढ्यात अख्खं काढणं शक्य नसतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पट्टीची. फिकट झोत दिसायला डोळा अंधाराला सरावलेला लागतो. म्हणून चित्रकारानं आधीपासून डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसायचं. शेजारी एक जोडीदार. तो ग्रहणाकडं लक्ष ठेवणार, सूर्य पूर्ण झाकला की चित्रकाराच्या खांद्यावर हात मारणार, आणि त्या क्षणी पट्टी काढायची. हात पडल्याशिवाय काढायची नाही, आजूबाजूला कितीही बोंबाबोंब झाली तरी. कारण लोक आधीपासूनच ओरडायला लागतात, आणि शेवटची कोर उरलेली असताना पट्टी काढली तर डोळे दिपून सगळी मेहनत पाण्यात, वर इजा व्हायची ती निराळीच. आम्ही गच्चीवर याची तालीम करायचो. सर भिंतीवर प्रभामंडळाचं चित्र पाडायचे, जोडीदार हात मारायचा, आम्ही भराभर काढायचो. माझा हात सगळ्यांत तयार होता. हे मी नाही म्हणत, सरच म्हणायचे.

माझा जोडीदार प्रफुल्ल. दुसरं कोण असणार?

त्या महिन्यात सूर्यावर डागांचा एक पुंजका आला होता. रोज काढत होते, त्यामुळं तो किती सरकतोय ते मला माहीत होतं. मी हिशेब केला तर ग्रहणाच्या दिवशी तो बरोबर पश्चिमेच्या कडेवर येत होता. म्हणजे त्याच्यावरच्या कमानी कडेबाहेर उभ्या दिसणार, आणि काही फुटलं तर नेमकं तिथंच फुटणार. मी सरांकडं पळतच गेले. सर खूश झाले. म्हणाले, ‘‘झुंबर, पश्चिमेचा वरचा भाग तुझा. शोधलायस तू, काढायचा पण तूच.’’ मला त्या रात्री झोप आली नाही. फार मोठं काही करणार होते असं नाही, पण माझ्या डोळ्यांनी ते बघणार होते आणि माझ्या हातानं काढणार होते. मला आयुष्यात तेवढं एकच हवं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला कळलं, मला दिवस गेलेत.

सासूबाई दिंडोरीकडच्या. सुलाबाई नाव. स्वभावानं गरीब, माझ्याशी कधी वावगं बोलल्या नाहीत. पण ग्रहणाचं ऐकलं आणि चुलीपुढून उठल्याच. ‘‘पहिलटकरीण हाय तू. गराण बघायचं नाय म्हंजे नाय. लक्षुमीपूजन सोडून कुठं चालली तडफडत? लेकराचा ओठ फाटंल, कान तुटंल, मंग काय करशील?’’

प्रफुल्ल माझ्या बाजूनं भांडला. काय भांडला म्हणून सांगू! आईला विज्ञान सांगितलं, चंद्राची सावली सांगितली, शेजारपाजारची माणसं गोळा होईपर्यंत सांगितलं. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला वाटत होतं, असा नवरा मिळायला नशीब लागतं. सासूबाईंनी जेवण सोडलं. दोन दिवस नुसत्या पाण्यावर. आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई शांत! जेवल्या, आमच्या प्रवासासाठी बेसनाचे लाडू वळायला बसल्या. वर मला म्हणतात, ‘‘जा बाई, जाऊन ये.’’ मला वाटलं, पटलं त्यांना. माझा जीव भांड्यात पडला.

त्याच आठवड्यात उलट्यांनी हैराण झाले होते म्हणून मी शनिवारची गच्ची चुकवली. पुढच्या वेळी गेले तर सरांनी भाग बदललेले. पश्चिमेचा वरचा भाग आमच्या चौघांतल्या महेशला, आणि मला दिलेला पूर्वेचा खालचा, जिथं एक डाग नाही की काही नाही. महेशला! त्याला सरळ रेघ काढायची तरी पट्टी लागते. मी भांडले. सर म्हणाले, ‘‘महेश जुना सभासद आहे, झुंबर. सगळ्यांना संधी मिळायला पाहिजे.’’ प्रफुल्ल म्हणाला, ‘‘जाऊ दे ना. तुला प्रभामंडळ दिसणार हे काय कमी आहे?’’ ते मात्र खरं होतं. म्हणून गप्प बसले.

लक्ष्मीपूजनाची रात्र आम्ही तिथल्या एका धर्मशाळेत काढली. सकाळी आकाश असं स्वच्छ की बघत राहावं, ढगाचा ठिपका नाही. मैदानात गावातली माणसं, पोरंटोरं, बाहेरून आलेले लोक, नुसती जत्रा. आम्ही चौघं चित्रकार सतरंजीवर ओळीनं बसलो, मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि कागदावर काळी चकती आधीच काढून ठेवलेली. चकतीच्या कडेपासून बाहेर काय दिसतं तेवढंच काढायचं. ग्रहण लागायच्या आतच प्रफुल्लनं माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधली. म्हणाला, ‘‘घट्ट नाही ना झाली?’’ आवाज जरा कापत होता. मी म्हटलं, माझ्यापेक्षा यालाच टेन्शन.

पट्टीच्या आत बसून मी ऐकत होते. ऊन कमी होत गेलेलं अंगाला कळत होतं, हातावर थंड वाटायला लागलं. पाखरं ओरडली आणि गप्प झाली. लोक ओरडायला लागले. मी मनात म्हटलं, एवढ्यात नाही, अजून कोर असेल. मग आरोळ्या एकदम वाढल्या, कुणी शंख फुंकला, कुणी रडायला लागलं, शेजारी कागदांवर पेन्सिली चालल्याचा आवाज आला. पेन्सिली! माझ्या खांद्यावर हात नव्हता. मी पेन्सिल धरून बसले होते. वाटलं, भास होतोय. वाटलं, प्रफुल्ल बघतोय ना, त्याला कळतं. त्यानं सांगितल्याशिवाय पट्टी काढायची नाही हे मी इतकं घोकलं होतं की माझा हात वर जाईना. मी हाकसुद्धा मारली, ‘‘अरे, झालं का?’’ उत्तर नाही. आणि मग लोकांनी मोठ्यानं ‘‘आलाऽ’’ अशी काहीतरी हाळी दिली, टाळ्या पडल्या, आणि तेव्हा माझ्या खांद्यावर हात पडला.

पट्टी काढली तर ऊन. लख्ख ऊन, डोळे मिटून घ्यावे लागले.

प्रफुल्ल माझ्यासमोर गुडघ्यावर बसून रडत होता. ‘‘विसरलो गं. वर बघितलं आणि सगळंच विसरलो. मला माफ कर.’’ त्याचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. इतकं सुंदर काहीतरी दिसलं की माणूस बायकोला विसरला, यात त्याची काय चूक? असं मी स्वतःला समजावलं. मला रडू येत होतं, छाती फुटेल असं रडू, आणि ते गिळून मीच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ‘‘होतं असं. जाऊ दे.’’ म्हटलं मी. मी! ज्या बाईनं भाजीवाल्याला दोन मिरच्यांवरून कधी सोडलं नाही.

महेशच्या भागात झालं होतं काहीतरी. एक झोत मुळापासून वाकलेला, त्याच्या बगलेत काळी पोकळी, आणि पोकळीच्या पुढं कमानीसारखा काहीतरी तुकडा, असं त्यानं काढलं होतं. कसं काढलं होतं? कढीपत्त्याच्या फांदीसारखं! सर तो कागद उलटासुलटा करून बघत होते. उद्रेकानं फाडलेलं प्रभामंडळ आहे की महेशच्या हाताचा थरकाप, ते कुणालाच ठरवता येईना. माझ्या डागांच्या पुंजक्यावर, मी सांगितलेल्या जागी, काहीतरी घडलं होतं एवढं नक्की. ते काय होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

पुढं मंडळात तो विनोदच झाला. सहलीला, वाढदिवसाला, कुणीतरी सुरू करायचंच, ‘‘प्रफुल्ल बायकोला विसरला, ती गोष्ट सांगा ना.’’ सगळे हसायचे. मीसुद्धा हसायची.

जूनमध्ये माहेरी मुलगी झाली. सृष्टी. बारशाला सासूबाई आल्या, मांडीवर घेतलं, आधी ओठ बघितला, मग दोन्ही कान, मग हातापायाची बोटं. ‘‘सगळं जिथल्या तिथं हाय,’’ म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मी चेष्टेनं म्हटलं, ‘‘बघा आई, ग्रहणात बाहेर होते तरी काही झालं नाही.’’

त्या सहज बोलल्या. कपटानं नाही, मायेनंच. ‘‘बाहेर व्हतीस, पर बघितलं कुठं? प्रफुल्लनं शबूद दिलता मला. म्हन्ला, आई, तू जेव, मी तिच्या डोळ्यावरची पट्टी सोडू देनार नाय. लय गुनाचं हाय माझं पोरगं. शबूद पाळला.’’

माझी आई अंबूबाई तिथंच पुरण घोटत होती. तिच्या हातातला डाव थांबला. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी बाळ सासूबाईंच्या मांडीवरच सोडलं आणि मळ्यात गेले. प्रफुल्ल माझ्या भावाशी, बहिरूशी, गुलाबाच्या भावाबद्दल बोलत होता. मी बहिरूला म्हटलं, तू जा. तो गेला. मी म्हटलं, ‘‘विसरला नव्हतास.’’

त्यानं लगेच ओळखलं. ‘‘आईनं सांगितलं?’’

‘‘मी बघितलं असतं तर काय झालं असतं रे?’’

‘‘काही नाही. काहीच झालं नसतं. मला माहीत आहे.’’

‘‘मग?’’

‘‘ती जेवत नव्हती, झुंबर. आणि समजा काही झालंच असतं, ग्रहणानं नव्हे, असंच, एरवी होतं तसं, तर तिनं जन्मभर तुलाच बोल लावला असता. मी तुझ्याच भल्यासाठी...’’

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, ‘‘माझ्या भल्याचं मला विचारायचं होतंस. मी ठरवलं असतं. नाही गेले असते, घरी बसून रडले असते, पण मी ठरवलं असतं. तू मला इतक्या लांब नेलंस, हातानं पट्टी बांधलीस, शेजारी बसून स्वतः सगळं बघितलंस, आणि वर रडलास! ते रडणंसुद्धा खोटं?’’

‘‘रडणं खरं होतं,’’ तो म्हणाला. कदाचित खरं असेलही. मला त्याचा उपयोग काय?

मी त्याला सोडून गेले नाही. कुठं जाणार होते, ओली बाळंतीण? पण एक गोष्ट मागितली. ‘‘मंडळात सांग. यादव सरांना, महेशला, सगळ्यांना. मी विसरलो नव्हतो, मुद्दाम केलं, असं तुझ्या तोंडानं सांग. दुसरं मला काही नको.’’ तो म्हणाला, सांगतो. शपथ घेतली. पुढच्या शनिवारी सांगतो म्हणाला, मग सरांची तब्येत बरी नाही म्हणाला, मग दिवाळी होऊ दे म्हणाला. एकदा मीच म्हटलं, मी सांगते, तर हात जोडले. ‘‘मला सांगू दे. तू सांगितलंस तर मी मेल्यासारखाच.’’ मग मी थांबले. सारखं विचारायची, आणि तो सारखा सांगतो म्हणायचा. तो शाळाशाळांत भाषणं देतच होता. ग्रहणाला भिऊ नका, भगिनींनो.

नव्व्याण्णव साली गुजरातेत खग्रास होतं. सृष्टीला आईकडं ठेवून गेले. ऑगस्टचे ढग, काळोख पडला आणि गेला, वर काहीही दिसलं नाही. परतताना प्रफुल्ल म्हणाला, ‘‘दोन हजार नऊला आहे ना परत.’’ मी खिडकीकडं तोंड केलं. पंचाण्णव सालचं ते आकाश मला पुन्हा कोण देणार होतं?

दोन हजार नऊचं ग्रहण जुलैत, भर पावसाळ्यात. सुरतेला खग्रास आणि नाशकात बरंचसं झाकलेलं. त्याच्या आधी मंडळानं एका सभागृहात व्याख्यान ठेवलं. वक्ता अर्थात प्रफुल्ल. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तसाच. पडद्यावर त्यानं अवकाशयानातून घेतलेले सूर्याचे उद्रेक दाखवले. मी तिसऱ्या रांगेत बसून बघत होते. मधे चकतीनं झाकलेला सूर्य, भोवती झोत, आणि एकदम एका बाजूनं भला मोठा बुडबुडा फुगत जातो, झोत फाटतो, वाकतो, मागं काळी जागा राहते. अगदी तसंच, जसं मी पुस्तकात वाचलं होतं आणि महेशनं वेडंवाकडं काढलं होतं. किती सुंदर होतं हो ते! पण पडद्यावरचं पडद्यावरचंच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कुणी बघू नये म्हणून मी चष्मा पुसत बसले.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. ओढणी पोटावर धरलेली. म्हणाली, ‘‘सर, मी पायल. सटाण्याची, इथं सातपूरला दिलीय. मला पाचवा महिना आहे. घरचे म्हणतात खिडक्यासुद्धा बंद करून बसायचं. मी बघितलं तर खरंच चालेल का?’’

प्रफुल्ल हसला. ते त्याचं प्रेमळ हसू. ‘‘बिनधास्त बघ. बेटा, पंचाण्णव सालच्या खग्रास ग्रहणात माझी बायको गरोदर होती. उघड्या मैदानात बसली होती. आणि आमची मुलगी आता तेरा वर्षांची आहे, ठणठणीत! ती बघ तिसऱ्या रांगेत बसलीय माझी मिसेस. विचार तिला.’’

सगळ्या सभागृहानं माना वळवल्या. टाळ्यासुद्धा वाजल्या. एक शब्द खोटा नव्हता, मला मान्य आहे. बसले होतेच मी उघड्या मैदानात.

आणि ती पोरगी माझ्याकडं बघून, डोळ्यांत नुसतं कौतुक, विचारते, ‘‘काकू, कसं दिसतं हो ते प्रभामंडळ?’’

मी प्रफुल्लकडं बघितलं. अजूनही तो सांगू शकला असता. माइक त्याच्याच हातात होता. त्यानं नजर खाली वळवली आणि कॉम्प्युटरच्या वायरीशी काहीतरी करायला लागला.

मी उभी राहिले. म्हटलं, ‘‘मला माहीत नाही गं. मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, आणि ती सोडायला सांगणारा हा माझा नवरा. यानं मला सांगितलंच नाही. विसरला म्हणून नव्हे. मी पोटुशी होते, ग्रहण बघितलं तर बाळाला काहीतरी होईल म्हणून. यानं आईला शब्द दिला होता. तुम्हाला भिऊ नका म्हणून सांगणाऱ्या यानं!’’

आपल्याच आवाजानं मला धाप लागली होती. पण खरं सांगते, बरं वाटत होतं. तेरा वर्षांचं ओझं उतरलं, असं वाटत होतं.

पहिल्या रांगेतून यादव सर उठले. थकले होते, काठी होती हातात. माझ्याकडं वळून, शिकवताना बोलायचे तशा शांत आवाजात म्हणाले, ‘‘झुंबर, बस. एकट्या प्रफुल्लला दोष देऊ नकोस. ते आम्ही ठरवलं होतं.’’

मला समजेचना. ‘‘कोण आम्ही?’’

‘‘मंडळ. तू आली नव्हतीस त्या शनिवारी प्रफुल्लनं सगळ्यांपुढं मांडलं. पहिले महिने होते तुझे. गर्भ कशानंही पडू शकतो. ग्रहणानंतर तसं काही झालं असतं, तर गावभर झालं असतं की मंडळानं पोटुशी बाईला ग्रहण दाखवलं आणि घात झाला. पुन्हा एक बाई आपल्याकडं फिरकली नसती. सगळं काम बुडालं असतं. म्हणून तुझा भागही बदलला, चित्र रिकामं राहिलं तरी चालेल असा दिला. बरोबर केलं असं नाही म्हणत मी. पण कामासाठी केलं.’’

मी महेशकडं बघितलं. तो छताकडं बघत होता. बाकीचे जुने, सगळे ओळखीचे चेहरे, माझ्या हातचा चहा प्यायलेले, सृष्टीच्या बारशाला जेवलेले, एकही वर बघेना. म्हणजे सहलीत ती गोष्ट रंगवून सांगताना, हसताना, यांना सगळ्यांना माहीत होतं. मी एकटीच खरी हसत होते. आणि मी वेडी, इतकी वर्षं घरी एकट्या प्रफुल्लशी भांडत होते आणि शनिवारी यांच्याकडं येऊन मन रमवत होते, माझी माणसं म्हणून.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मागं पायल अजून उभीच होती. तिनं आधी सरांकडं बघितलं, मग प्रफुल्लकडं, आणि ओढणी सारखी करत हळूच म्हणाली, ‘‘मग मी नाही बघत, सर. काही होत नाही हे तुम्हाला एवढं माहीत होतं, तरी तुम्ही काकूंना बघू दिलं नाही. मी तर साधी बारावी शिकलेली आहे.’’ आणि ती रांगेतून वाट काढत दाराकडं निघाली.

तेव्हा माझा आवाज परत आला.

‘‘ऐकलंत?’’ मी म्हटलं. प्रफुल्लला म्हटलं, सरांना म्हटलं, त्या सगळ्या खाली घातलेल्या मानांना म्हटलं. ‘‘माझं बघणं घेतलंत ते घेतलंत. आता हिचंही घेतलंत.’’